तुब्बाताहा रीफ: आजूबाजूला काही नाही, मग एवढे मासे जगतात कशावर?

निवडुंग०७
परवा झोप येत नव्हती म्हणून नकाशावर उगाच भटकत होतो, फिलिपिन्सच्या पलावान बेटाच्या आग्नेयेला सुलू समुद्रात झूम केलं तर भर पाण्यात दोन फिकट निळी कडी दिसली. तुब्बाताहा रीफ म्हणे, म्हणजे कोरलने (प्रवाळाने) पाण्यात बांधलेला कट्टा. जवळचं शहर प्वेर्तो प्रिन्सेसा, तेही साधारण १५० किमी लांब. मग वाचत गेलो तर कोरलच्या साडेतीनशेच्या आसपास जाती, माशांच्या सहाशेच्या घरात, वर शार्क, कासवं, डॉल्फिन. आता शंका अशी की पाणी जितकं निळं नितळ तितकं त्यात खाणं कमी ना? तिथे ना नदी ना गाळ. हे अख्खं गाव जेवतं काय? आणि मुळात कोरल उभं कशावर आहे?

खडकवेडा
दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो, तो सोपा आहे. खाली कगायान रिज आहे, विझलेल्या ज्वालामुखींची बुडालेली रांग. डोंगर हळूहळू खचत जातो आणि त्याच्या कडेचं कोरल उजेडासाठी वर वाढत राहतं, शेवटी डोंगर गायब आणि वर नुसतं कडं, मध्ये खारकच्छ, म्हणजे कड्याने वेढलेलं उथळ पाणी. डार्विनने १८४२ मध्येच हे मांडलं होतं. इथे उत्तर आणि दक्षिण अशी दोन कडी, मध्ये ८ किमीची खिंड, आणि वायव्येला जेसी बीझली नावाचा चिमुकला रीफ. नावही सामा लोकांच्या भाषेतलं, ओहोटीला उघडा पडणारा लांब रीफ असा काहीसा अर्थ.

पाकट_प्रेमी
जेवणाचं माझ्याकडे. पहिलं म्हणजे कोरलच्या अंगातच शेवाळ राहतं, ते उन्हावर साखर बनवून कोरलला देतं आणि कोरलची घाण त्याला खत म्हणून चालते, म्हणजे घरातलं घरातच फिरतं, बाहेर फार काही सांडत नाही. नितळ पाणी उलट फायद्याचं, ऊन खोलवर पोचतं. रात्री कोरल बारीक हात बाहेर काढून प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) पकडतं ते वेगळंच. दुसरं, प्रवाह कड्यावर आदळतो आणि सोबत प्लवक आणतो, म्हणून प्लवक खाणाऱ्या छोट्या माशांची गर्दी कडेलाच असते. त्यात बर्ड आयलेट नावाचा वाळूचा ठिपका आहे, तिथे बूबी, नॉडी, टर्न घरटी करतात. हे पक्षी लांबून मासे खाऊन येतात आणि खत इथे टाकतात.

ओलाटॉवेल
मी गेलेय तिथे. रात्रभर बोट चालते, दहा-बारा तास, अर्धे लोक बादली धरून (मी पण 😅). पण उडी मारली की खाली चार-पाच मीटरवर कोरलचं पठार, जरा पुढे पाय मारले की पठार संपतं आणि खाली सरळ भिंत, तळ दिसतच नाही, पोटात गोळा येतो. भिंतीतल्या एका कपारीत व्हाइटटिप मुशी (शार्क) वाळूवर पडून होती, निवांत, फक्त कल्ले हलत होते. आणि सगळीकडे करकर करकर आवाज, पोपटमासे कोरल खरवडत असतात, मागे वाळूचा धूर सोडत.

खडकवेडा
@पाकट_प्रेमी शास्त्र बरोबर आहे पण अर्धंच. अन्न पुरलं तरी माणसाने सोडलं पाहिजे ना. ८० च्या दशकात तिथे डायनामाइट आणि सायनाइड वापरून मासेमारी चालायची. १९८८ ला राष्ट्रीय उद्यान झालं, १९९३ ला जागतिक वारसा. आज ९७,०३० हेक्टरमध्ये मासेमारी पूर्ण बंद, वाळूच्या पट्ट्यावर रेंजर बारा महिने पाळीपाळीने राहतात. एवढ्या मुशी दिसतात त्या त्यामुळे.

निवडुंग०७
अरे वा, डोक्यात प्रकाश पडला. मग आता कसलाच धोका नाही?

पाकट_प्रेमी
आहे की. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकी नौदलाचं सुरुंगशोधक जहाज गार्डियन रीफवर चढलं, त्यांच्या डिजिटल नकाशात रीफची जागाच चुकलेली होती! ओढून काढायला गेलं तर आणखी कोरल मोडेल, म्हणून तिथेच तुकडे करून उचललं. आणि एप्रिलमध्ये एक चिनी मासेमारी बोट रुतली, तिच्यात निघालं काय तर खवल्या मांजराचं मांस, ४०० पेट्या!!

निवडुंग०७
भर समुद्रात खवल्या मांजर 🤦 बरं @ओलाटॉवेल, डिसेंबरात जाता येईल का?

ओलाटॉवेल
नाही. मार्चचा मध्य ते जूनचा मध्य, बाकी वर्षभर समुद्र खवळलेला. आणि मुक्काम बोटीवरच, तिथे हॉटेल वगैरे काही नाही. उलटीच्या गोळ्या विसरू नकोस.