युद्धबंदी झाली की युद्ध संपतं का?

लांबचापल्ला:
कुठेही दोन शेजारी देशांत जुंपली की पहिल्या आठवड्यात सगळे तेलाचा भाव बघत बसतात, चढला की जग बुडालं आणि महिन्याभरात उतरला की "बघा, काही झालं का?" मला हे मोजमापच चुकीचं वाटतं. इराण-इराक युद्ध घ्या. सप्टेंबर १९८० ते ऑगस्ट १९८८, आठ वर्षं मारामारी आणि शेवटी सीमा जवळपास होती तिथेच. संपलं? इराकच्या सद्दामच्या डोक्यावर युद्धापायी कुवेत, सौदी वगैरेंचं अब्जावधी डॉलरचं कर्ज, कुवेत माफ करेना, वर ठरलेल्या कोट्याबाहेर तेल काढून भाव पाडतोय असा सद्दामचा आरोप, आणि २ ऑगस्ट १९९० ला रणगाडे कुवेतमध्ये. त्या घुसखोरीची नुकसानभरपाई ठरली ५२.४ अब्ज डॉलर. इराकच्या तेलविक्रीतून टक्केवारीने कापत कापत शेवटचा हप्ता गेला जानेवारी २०२२ मध्ये! सद्दामला फाशी होऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. त्या दिवशी बसऱ्यात जो माणूस तिशीचा होता तो ह्या दोन्ही युद्धांच्या वेळी जन्मलाही नव्हता, पण बिल त्याच्याही वाट्याला आलंच.

शंकासुर:
छान लिहिलंय पण हा बादरायण संबंध आहे हो. आठ वर्षं तेच युद्ध इराणनेही लढलं, त्यांचीही शहरं बेचिराख, त्यांचीही तिजोरी रिकामी. मग त्यांनी दोन वर्षांत शेजाऱ्यावर रणगाडे का नाही घातले? कर्ज होतं म्हणून युद्ध झालं असं नसतं, एका माणसाने निर्णय घेतला म्हणून झालं. मागे वळून बघितलं की प्रत्येक गोष्ट प्रत्येक गोष्टीला जोडता येते.
आणि जग कुणासाठी थांबत नाही. जून १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात सुएझ कालवा बंद झाला तो उघडला जून १९७५ ला, तब्बल आठ वर्षं. व्यापार मेला का? आखातातून रॉटरडॅमला सुएझमार्गे साधारण साडेसहा हजार सागरी मैल, आफ्रिकेला वळसा घातला तर अकरा हजार. मग लोकांनी टँकरच एवढे मोठे केले की लांबचा रस्ताही परवडायला लागला.

बोटीवरचा:
शंकासुर, टँकरचं बरोबर आहे पण तुम्ही अर्धीच गोष्ट सांगताय. येमेनमधलं एडन बंदर आठवा. सुएझच्या वाटेवर इंधन भरायची जागा, एके काळी जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या बंदरांत नाव होतं. १९६७ ला कालवा बंद, त्याच वर्षी ब्रिटिशही गेले, बंदर ओस पडलं. कालवा उघडेपर्यंत जहाजं बदललेली, वाटेत थांबायची गरजच कमी झालेली. गिऱ्हाईक परत आलंच नाही. म्हणजे व्यापार जगला, एडन मेलं. दोन्ही एकाच वेळी खरं.
बाकी त्या आठ वर्षांत १५ जहाजं कालव्यातच अडकून पडली होती, त्यातली १४ ग्रेट बिटर लेकमध्ये. वाळू बसून बसून पिवळी पडली म्हणून नाव यलो फ्लीट. खलाशांनी वेळ जायला स्वतःची पोस्टाची तिकिटं छापली होती (हे मला फार आवडतं). शेवटी स्वतःच्या इंजिनावर घरी पोचली फक्त दोन, दोन्ही जर्मन.

अर्थअनर्थ:
मूळ मुद्दा कोण भरतं हा आहे. ऑक्टोबर १९७३ चं अरब-इस्रायल युद्ध तीन आठवडेही चाललं नाही. तेल ३ डॉलरच्या आसपास होतं ते काही महिन्यांत १२ च्या जवळ. तेलवाल्या देशांकडे डॉलरचा ढीग, तो त्यांनी पाश्चात्य बँकांत ठेवला, बँकांनी तोच लॅटिन अमेरिकेला आणि इतर गरजूंना बदलत्या व्याजदराने वाटला, सगळे खूश. पुढे अमेरिकेने महागाई मोडायला व्याजदर चढवले आणि ऑगस्ट १९८२ ला मेक्सिकोने हात वर केले, मग एकामागून एक रांगच. लॅटिन अमेरिकेत त्या दशकाला वाया गेलेलं दशक म्हणतात. आता ते युद्ध जिथे झालं त्या सिनाई आणि गोलानशी मेक्सिकोचा काय संबंध होता सांगा.

शंकासुर:
मेक्सिकोकडे स्वतःचं तेल होतं आणि त्या जोरावरच त्यांनी बेसुमार कर्ज काढलं, ते पण युद्धाच्या खात्यावर लिहायचं का?
आणि त्याच १९७३ नंतर काय काय चांगलं झालं ते कुणी बोलत नाही. फ्रान्सने १९७४ मध्ये अणुवीजेचा धडाका लावला आणि त्यांची बहुतेक वीज तिथून यायला लागली. ब्राझीलने १९७५ ला उसाच्या अल्कोहोलवर गाड्या चालवायचा कार्यक्रम काढला. त्याच्या आधी १९५० ला टोयोटा बुडायला आली होती, संप, कपात, संस्थापकाचा राजीनामा, तेवढ्यात कोरियात युद्ध पेटलं आणि अमेरिकन लष्कराच्या ट्रकच्या ऑर्डरींनी कंपनी तरली. अगदी परवाचं, युक्रेनचं युद्ध पेटलं तेव्हा जर्मनीकडे जहाजाने आलेला द्रवरूप वायू (एलएनजी) उतरवायला एकही टर्मिनल नव्हतं, विल्हेल्म्सहाफेनला वर्षाच्या आत उभं राहिलं. गरज पडली की माणूस हलतो.

लांबचापल्ला:
सुएझबद्दल तुमचं बरोबर आहे असं म्हणा हवं तर, रस्ता बंद झाला की दुसरा निघतो हे मान्य. पण टोयोटाचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातंय की. ऑर्डरी मिळाल्या जपानला आणि युद्ध झालं कोरियात, तिथे १९५३ पासून नुसती युद्धबंदी आहे, तह आजतागायत नाही.
आणि इराणने काही केलं नाही म्हणता? त्यांनी वेगळ्या प्रकारे फेडलं. सुटे भाग मिळेनात म्हणून विमानदळ लुळं, इराकची क्षेपणास्त्रं शहरांवर पडतायत आणि उत्तर द्यायला हातात काही नाही, तिथून त्यांना क्षेपणास्त्रांचं वेड लागलं. एप्रिल २०२४ ला इस्रायलवर जी सुटली त्यांचं मूळ तिथे आहे. युद्धानंतरच्या पुनर्बांधणीची कामं रिव्होल्युशनरी गार्ड्स ह्या इराणच्या खास सैन्याला दिली, त्यातून खातम अल-अंबिया नावाचा त्यांचा बांधकाम व्यवसाय उभा राहिला, धरणं, रस्ते, पाइपलाइन सगळं त्यांच्याकडे. सैन्यच ठेकेदार झालं की खासगी उद्योजकाने स्पर्धा कुणाशी करायची? इथे एका माणसाच्या निर्णयाचा प्रश्न येतच नाही.

शंकासुर:
गार्ड्सचा मुद्दा वजनदार आहे, त्यावर आत्ता उत्तर नाही माझ्याकडे. तरी जग जुळवून घेतं ह्या मतावर मी ठाम. २०२३ च्या शेवटापासून येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबडा समुद्र अडवला, दुकानं रिकामी पडली का?

बोटीवरचा:
नाही पडली. कारण आम्ही आफ्रिकेच्या टोकाला, केपला वळसा घालून गेलो, प्रत्येक फेरीला दहा-बारा दिवस जास्त. जे तांबड्या समुद्रातूनच गेले त्यांचा युद्धविमा एका फेरीला जहाजाच्या किमतीच्या जवळपास १ टक्क्यापर्यंत गेला होता, दहा कोटी डॉलरचं जहाज असेल तर दहा लाख डॉलर, एका फेरीचे.
आणि नोव्हेंबर २०२३ ला हुथींनी गॅलेक्सी लीडर नावाचं जहाज पकडलं त्यावर २५ खलाशी होते, फिलिपिन्स, बल्गेरिया, युक्रेन, रोमानिया, मेक्सिकोचे. सुटले जानेवारी २०२५ ला. तुमच्या जुळवून घेण्याच्या हिशोबात ते चौदा महिने कुठल्या रकान्यात टाकायचे ते सांगा, मी वाट बघतो.