निफ्टी फ्युचरच्या हीटमॅपवर मोठा पट्टा दिसतो, भाव जवळ आला की नाहीसा होतो. हे वाचायचं कसं?

बिडआस्क_कोल्हापूर

निफ्टीच्या चालू महिन्याच्या फ्युचरवर लिक्विडिटी हीटमॅप लावलाय, म्हणजे कुठल्या भावाला किती ऑर्डरी उभ्या आहेत ते रंगाने दाखवणारा चार्ट. ब्रोकर २० पातळ्यांचा डेप्थ (प्रत्येक भावाला उभी असलेली क्वांटिटी) देतो, तोच वेबसॉकेटने घेऊन रंगवतो. सौदे वरून गोळ्यांनी दाखवतो, खरेदीचे हिरवे, विक्रीचे लाल.

अडचण अशी की विक्रीच्या बाजूला ठळक पट्टा दिसतो, पण भाव तिथे पोचायच्या आतच तो वर सरकतो किंवा गायब होतो. हे स्पूफिंग (रद्द करायच्याच हेतूने लावलेल्या दिखाऊ ऑर्डरी) धरायचं का? उलट कधी कधी पट्टा अगदी फिका असतो, तरी भाव तिथेच अडकून बसतो. आणि बिटकॉइनच्या हीटमॅपवर हजार-दोन हजार डॉलर लांबचे पट्टे आधीपासून दिसतात, निफ्टीत तसं काहीच दिसत नाही. सेटिंगचा प्रश्न आहे की डेटाचा?

टिक_बाय_टिक

आधी डेटा तपासा, कारण निम्मे प्रश्न तिथेच सुटतील. निफ्टी फ्युचरची टिक, म्हणजे भावाची सर्वांत लहान पायरी, १० पैशांची. प्रत्येक टिकवर ऑर्डर असेल तर २० पातळ्या म्हणजे एका बाजूला जेमतेम २ पॉइंट. मधल्या काही टिक रिकाम्या असल्या तर थोडं जास्त. एवढ्या खिडकीतून तुम्ही शंभर पॉइंटांचा चार्ट रंगवताय. भाव ३ पॉइंट खाली गेला की वरची पातळी खिडकीबाहेर जाते. ती ऑर्डर रद्द झाली की तशीच उभी आहे, हे तुमच्या फीडला कळतच नाही.

अशा वेळी सॉफ्टवेअर काय करतं ते बघा. काही सॉफ्टवेअर ती जागा काळी करतात, म्हणजे पट्टा ‘गायब’. काही शेवटची माहीत असलेली क्वांटिटी पुढे ओढत राहतात, आणि हे जास्त घातक, कारण केव्हाच निघून गेलेली ऑर्डर चार्टवर ठळक दिसत राहते. खिडकीबाहेर गेलेली पातळी वेगळ्या राखाडी रंगात दाखवायची सोय असेल तर ती आधी चालू करा. नसेल तर सध्याच्या भावापासून २ पॉइंटांपलीकडचा कुठलाही रंग वाचू नका. काही ब्रोकर २०० पातळ्या देतात. त्यात किमान २० पॉइंट दिसतात आणि हीटमॅप हा शब्द सार्थ होतो.

दुसरं, रिटेल फीड म्हणजे ठरावीक अंतराने काढलेले फोटो. एक्स्चेंजच्या टिक-बाय-टिक फीडमध्ये प्रत्येक नवी ऑर्डर, बदल आणि रद्द स्वतंत्र येतं. तुमच्याकडे दोन फोटोंच्या मधलं काही येत नाही. तुमच्या गोळ्यांचंही तसंच. दोन अपडेटमधला एकूण व्हॉल्यूमचा फरक सॉफ्टवेअर शेवटच्या भावावर टाकतं आणि तो भाव बिडजवळ (खरेदीदाराचा भाव) की ऑफरजवळ (विक्रेत्याचा भाव) एवढ्यावरून रंग ठरवतं. भाव पळत असताना हिरवा-लाल हा निव्वळ अंदाज असतो. डेल्टाचा (हिरवे वजा लाल सौदे) आकडा शांत भागातच थोडाफार विश्वासाचा.

डेल्टा_न्यूट्रल

वरचं सगळं मान्य. आता पट्टा खरोखर खिडकीत असताना नाहीसा झाला तर काय, ते सांगतो.

रंगाकडे बघून ठरवू नका, आकडा मांडा. एका पातळीसाठी एवढाच हिशोब पुरतो:

नक्त भर = शेवटची क्वांटिटी − सुरुवातीची क्वांटिटी + त्या भावाला झालेले सौदे

समजा ऑफरला ४०० लॉट (लॉट म्हणजे फ्युचरचा ठरावीक गठ्ठा) दिसत होते, आता ६० आहेत आणि त्या भावाला सौदे झाले फक्त २५ लॉटचे. ६० − ४०० + २५ = −३१५. म्हणजे ३१५ लॉट कुणी विकत घेतले नाहीत, ते काढून घेतले गेले. ‘खरेदीदारांनी भिंत फोडली’ असं म्हणण्यात इथे अर्थ नाही.

दुसरं उदाहरण तुमच्या फिक्या पट्ट्याचं. ऑफरला ४० लॉट दिसतात, दोन मिनिटांत त्याच भावाला ३१० लॉटचे सौदे होतात आणि तरी ३५ लॉट शिल्लक. ३५ − ४० + ३१० = ३०५. कुणीतरी तुकड्या-तुकड्याने किमान ३०५ लॉट पुन्हा भरले. हीटमॅप फक्त दाखवलेली क्वांटिटी रंगवतो, म्हणून रंग फिका राहतो. कॅश मार्केटमध्ये यासाठी डिस्क्लोज्ड क्वांटिटीची (ऑर्डरचा काही भागच दाखवायची) सोय आहे, किमान १० टक्के दाखवावी लागते. निफ्टी फ्युचरमध्ये बहुतेक वेळा अल्गो किंवा ब्रोकरची आइसबर्ग ऑर्डर तुकडे सोडत असते. प्रत्येक नवा तुकडा रांगेत मागे उभा राहतो, म्हणून क्वांटिटी १०-१२ पर्यंत उतरून पुन्हा ४० वर उडी मारताना दिसते. हे करवतीसारखं वर-खाली होणं डेप्थच्या खिडकीत नीट दिसतं, हीटमॅपवर नाही. दोन्ही शेजारी लावा.

एक काळजी घ्या. फीड फोटोंचा असल्यामुळे एकाच टिकचे सौदे नेमके मोजता येत नाहीत. १० टिकांचा एक गट करा, म्हणजे १ पॉइंट, आणि हिशोब गटावर मांडा. भाव त्या गटात रेंगाळत असेल तरच. एका झटक्यात चार गट पार झाले असतील तर सोडून द्या.

स्पूफिंगबद्दल: पट्टा सरकला म्हणजे स्पूफिंग, असं धरू नका. फ्युचरमध्ये उभ्या असलेल्या ऑर्डरींचा मोठा भाग आर्बिट्राज (स्पॉट आणि फ्युचरमधल्या फरकावर कमावणारे) आणि मार्केट मेकिंगवाल्यांचा (दोन्ही बाजूंना सतत भाव लावणारे) असतो. स्पॉट, म्हणजे खुद्द निफ्टी निर्देशांक, अर्धा पॉइंट हलला की त्यांची फेअर व्हॅल्यू (फ्युचरचा त्यांच्या हिशोबाने योग्य भाव) हलते आणि सगळ्या ऑर्डरी एकदम उचलून वर ठेवल्या जातात. ओळखायचं असं: सर्वोत्तम ऑफरपासून ५ पॉइंटांपर्यंतची एकूण क्वांटिटी बघा (२०० पातळ्या असतील तर). बेरीज जवळपास तेवढीच आणि शेजारच्या स्पॉटच्या चार्टवर तशीच हालचाल असेल तर कोट फक्त सरकलेत. बेरीजच निम्म्यावर आली आणि स्पॉट जागचा हलला नाही, तर विक्रेता खरोखर मागे हटलाय.

खऱ्या स्पूफिंगचं सार्वजनिक उदाहरण नविंदर सराओ या ब्रिटिश ट्रेडरचं, सीएमई या अमेरिकी एक्स्चेंजच्या ई-मिनी एस अँड पी ५०० फ्युचरमधलं. ६ मे २०१० च्या फ्लॅश क्रॅशशी (काही मिनिटांत बाजार कोसळला त्या घटनेशी) त्याचं नाव जोडलं गेलं, २०१६ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. त्याच्या मोठ्या विक्री-ऑर्डरी भावापासून काही पातळ्या वर राहत, भावाबरोबर सरकत आणि पुढे रद्द होत. पण तसंच चित्र प्रामाणिक मार्केट मेकरचंही दिसू शकतं. फरक हेतूचा असतो, आणि ऑर्डर कुणाची हे हीटमॅप सांगत नाही. तो तपास सेबी आणि एक्स्चेंजने करायचा. आपल्यापुरतं, न टिकणारा पट्टा हिशोबात धरायचा नाही.

लिक्विडेशन_नकाशा

बिटकॉइनचा मुद्दा राहिला. तुम्ही पाहिलेला बहुधा *लिक्विडेशन* हीटमॅप आहे, ऑर्डर बुकचा नव्हे. रंग सारखे, पण वस्तू पूर्ण वेगळी. ओपन इंटरेस्ट (अजून न मिटलेले सौदे) कुठल्या भावाला वाढला ते घेऊन १०, २५, ५०, १०० पट लीव्हरेज (स्वतःच्या पैशाच्या कितीपट सौदा) गृहीत धरतात आणि कुठे सौदे सक्तीने कापले जातील याचा अंदाज रंगवतात. १०० पटीला ते अंतर १ टक्क्याच्या आत, ५० पटीला २ च्या आत, १० पटीला साधारण १० टक्के. त्या जागी एकही ऑर्डर उभी नसू शकते.

निफ्टीत तसा नकाशा बनवायला जाऊ नका, मार्जिनची रचनाच वेगळी आहे. स्टॉप-लॉस ऑर्डरही ट्रिगर होईपर्यंत डेप्थमध्ये येत नाहीत. त्यामुळे ‘इथे स्टॉप साठलेत’ असं कुणी निफ्टीच्या हीटमॅपकडे बोट दाखवून म्हणालं तर ते त्याचं अनुमान आहे, डेटा नाही.

बिडआस्क_कोल्हापूर

खूप मदत झाली. दोनच गोष्टी: रंगाची सेटिंग काय ठेवू? आणि पुन्हा भरणारा विक्रेता सापडला की लगेच शॉर्ट करायचं (भाव पडेल म्हणून आधी विकायचं) का?

डेल्टा_न्यूट्रल

ऑटो कॉन्ट्रास्ट बंद करा. तो चालू असला की झूम बदलताच तीच क्वांटिटी कधी पिवळी, कधी निळी. १० ते ११ या वेळेतल्या १ पॉइंटाच्या गटांची मध्यक क्वांटिटी काढा. तिच्याखालचं सगळं काळं, पाचपटीला सर्वांत उजळ. दर एक्स्पायरीनंतर (महिन्याचं कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर) आकडा पुन्हा काढा. एक्स्पायरीच्या, म्हणजे महिन्याच्या शेवटच्या मंगळवारच्या, आधीच्या दोन-तीन दिवसांत डेप्थ पुढच्या महिन्यात सरकतो, त्यामुळे चालू महिन्याचा रंग उतरणं ही बातमी नाही. कॉन्ट्रॅक्ट बदला.

लगेच शॉर्ट नको. भरणा थांबला की तीच पातळी झटक्यात फुटते, कारण मागे काही उरलेलं नसतं. भरणा चालू असतानाच सर्वोत्तम बिड एक-दोन पॉइंट खाली सरकली पाहिजे, म्हणजे वर घेतलेले ३०० लॉट अडकलेत. स्टॉप त्या गटाच्या वर.

आणि खर्च आधी मोजा. १ ऑक्टोबर २०२४ ला फ्युचर विक्रीवरचा एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर) ०.०२ टक्के झाला, तेव्हाच २५,००० च्या भावाला ५ पॉइंट त्यातच जात होते. ब्रोकरेज, स्टॅम्प ड्युटी, एक्स्चेंजचे चार्जेस वेगळे. सध्याचा दर तुमच्या कॉन्ट्रॅक्ट नोटवर बघा. परदेशी व्हिडिओत दाखवतात तसे ४-५ पॉइंटांचे स्काल्प (झटपट छोटे सौदे) इथे बसत नाहीत. एकूण खर्चाच्या तिप्पट जागा खाली मोकळी दिसत नसेल तर तो सौदा सोडा.