मांगाचा ‘व्हॉल्यूम’: खंड, भाग की अंक?

फोंडेकर: मंडळी, अडलोय. आमच्या वाचनालयाच्या पत्रिकेत मी नव्या कॉमिक्सचे परिचय लिहितो, यावेळी एक मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, आणि एक अमेरिकन सुपरहिरो घेतलाय. ‘माय हीरो अकॅडेमिया’ ४२ खंडांत संपली असं लिहिलं तर संपादककाकांनी सगळीकडे ‘भाग’ करून टाकलं. बरं, भाग तर भाग, पण आत ४३० चॅप्टर आहेत त्यांना मग काय म्हणू? मागच्या खेपेला अमेरिकन कॉमिकच्या इश्यूला, म्हणजे सुट्या पुस्तिकेला, ‘अंक’ लिहिलं होतं, तर एकाने फोन करून विचारलं की तिसरा अंक कुठल्या नाटकाचा, जत्रेला आहे का!

म्हापशाची_बाय: खंडच. विश्वकोशाचे असतात तसे. भाग टीव्ही मालिकेचा.

भाटातलो: खंड म्हटलं की मला आजोबाच दिसतात. कुळाकडून येणारा खंड, म्हणजे भात किती, नारळ किती, वर्षभर तीच चर्चा. त्यांच्यासमोर कुणी “माझा तिसरा खंड आला” म्हटलं असतं तर ते माप घेऊन पडवीत आले असते. आणि खंड पडणे म्हणजे तुटणे ना, सलग चाललेल्या गोष्टीला हा शब्द कसा चालतो?

म्हापशाची_बाय: अहो बाब, खंड म्हणजे मुळात तुकडाच. खांडोळी त्यातलीच. इंग्रजांची कँडीसुद्धा आपल्या खंडसाखरेतूनच गेलीय.

पणजेकार: कँडी राहूदे, इथे दोन गोष्टींची गल्लत होतेय. मांगाचा व्हॉल्यूम म्हणजे तांकोबोन, आधी मासिक-साप्ताहिकात प्रकरणं येतात ती एकत्र करून साधारण दोनशे पानांचं पुस्तक काढतात. त्याला खंड म्हणा, काही बिघडत नाही. पण अमेरिकन सुपरहिरोंत व्हॉल्यूम दोन अर्थांनी येतो, एक म्हणजे पाच-सहा इश्यूंचं बांधीव पुस्तक, आणि दुसरा म्हणजे नंबर पुन्हा १ पासून सुरू केला की ती सगळी नवी मालिकाच. ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ १९६३ पासून ४४१ इश्यूंपर्यंत गेलं आणि १९९९ साली परत १ पासून, तो झाला व्हॉल्यूम २. त्याला दुसरा खंड लिहिलंत तर वाचक दुकानात पहिल्या खंडाचं पुस्तक मागत बसेल.

फोंडेकर: मेलो. मी दोन्हीकडे खंडच ठोकलाय.

रायतूरकर: आपल्याकडे शब्द नाहीत असं नव्हे. फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं, तेही मराठीत. त्यात दोन पुराणं आणि आत अवस्वर, पहिल्यात ३६, दुसऱ्यात ५९. घ्या की, व्हॉल्यूमला पुराण आणि चॅप्टरला अवस्वर.

म्हापशाची_बाय: “स्पायडरमॅन, पुराण ३, अवस्वर १७”! पोरं पळून जातील. माझा भाचा सरळ म्हणतो, “आते, तिसरो व्हॉल्यूम हाड गो” (आण गं).

भाटातलो: मग परिचय तरी मराठीत कशाला, सगळं इंग्रजीतच लिहा.

म्हापशाची_बाय: चावी, पगार, बटाटा म्हणताना पोर्तुगीज टोचत नाही ना तुम्हाला? माझी आई कॉमिकच्या चौकटींना जनेलां, म्हणजे खिडक्या, म्हणायची, “कितलीं जनेलां वाचून जालीं?” पॅनेलपेक्षा हजारपट गोड. फोंडेकर, हे घाला तुमच्या परिचयात.

पणजेकार: चौकटीवरून आठवलं. मांगा उजवीकडून डावीकडे वाचायचा, हे एका वाचनालयात माहीत नव्हतं. नेहमीच्या सवयीने पहिलं पान समजून शिक्का मारला तो बसला शेवटच्या पानावर, हिरोच्या बरोब्बर तोंडावर. व्हिलन मेला की नाही ते अजून कळलेलं नाही.

आमोणेकार: शब्दांचंच म्हणाल तर खरा घोळ इंद्रजाल कॉमिक्सवाल्यांनी घातला, फँटम या कॉमिकमधल्या नायकाला वेताळ करून. आमच्या आमोणे गावात बेताळ ग्रामदैवत. घरी ते पुस्तक आणलं तर आजीने मुखपृष्ठ पाहून पहिलं विचारलं, “देवाक पट्ट्यांची चड्डी कोणें घाली?”

भाटातलो: 😂 पण बेताळ हाच जुना उच्चार. वेताळ पुस्तकी.

रायतूरकर: उलट. वेताल संस्कृतात आहे, ‘व’चा ‘ब’ आपण केला.

फोंडेकर: उद्या दुपारी पत्रिका छपाईला जातेय हो. मथळ्यात खंड ठेवू की व्हॉल्यूम?

आमोणेकार: प्रियोळातही बेताळच म्हणतात. लोलयेंचं कोण आहे का इथे?