मदत हवी आहे: रेषेच्या आत रंगवण्याचा आग्रह कधीपासून धरावा?

माझी मुलगी साडेतीन वर्षांची असून, आतापर्यंत मुठीत खडू धरून खांद्यापासून हात फिरवणारी ती आता अंगठा आणि दोन बोटांत तो धरू लागली आहे. खडूचा लहान तुकडा दिला की तो मुठीत मावत नाही आणि बोटांची पकड आपोआप जमते, हे मी रोज पाहते. काल तिने अख्खा हत्ती हिरव्या रेघोट्यांनी झाकला आणि "तो गवतात लपलाय" असे सांगितले. मला ते सुबक रंगकामाहून मोलाचे वाटले. मात्र बालवाडीत रंग रेषेबाहेर जाऊ नये असा आग्रह असल्याने ती हल्ली कागदच दूर सारते. या वयात छापील चित्रे द्यावीत की कोरा कागद? भिंतीवर कागद चिकटवून रंगवल्याने मनगट स्थिर होण्यास मदत झाल्याचा अनुभव कोणास असल्यास कृपया सविस्तर लिहावे.