३१ मे: प्रयोगाची वेळ बदलायची का? गुरुवारपर्यंत उत्तर हवं

प्रेषक: नाट्यविभाग. सोमवार, १२ मे २०२५

मंडळी,
तिसरी घंटा साडेसहाला ठेवली आहे आणि तिकिटं त्याच वेळेची गेली आहेत. त्याच शनिवारी रात्री ९ ला इथं म्युनिकमध्ये फ्रॉटमानिंगच्या स्टेडियमवर चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातल्या फुटबॉल क्लबांच्या स्पर्धेचा, अंतिम सामना आहे, पॅरिस सेंट-जर्मेन विरुद्ध इंटर मिलान. आपला हॉल म्युन्शनर फ्रायहाइटला, म्हणजे स्टेडियमच्याच यू-६ मेट्रोवर. तिकीट परत घ्याल का, असे फोन सुरू झाले आहेत. हॉल रात्री ११ पर्यंत आपला आहे. वेळ अलीकडे घ्यायची की तशीच ठेवायची? कलाकारांना आणि रंगभूषेच्या ताईंना कळवायचं आहे.

प्रेषक: अण्णा

तारीख हलवायची नाही, आगाऊ पैसे बुडतील. वेळ मात्र बदलाच. २०१२ ला १९ मे हाही शनिवारच होता. तेव्हाही हाच अंतिम सामना इथंच होता. आम्ही काहीजण शहराच्या मध्यावर मारिएनप्लाट्झजवळ उभे होतो. म्युनिकचं बायर्न स्वतःच्या मैदानात चेल्सीशी खेळत होतं, ८३व्या मिनिटाला म्युलरनं गोल केला आणि लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. ८८व्याला चेल्सीच्या द्रोग्बाच्या हेडरनं बरोबरी. जादा वेळेत रॉबेनची पेनल्टी त्यांचा गोलरक्षक चेक यानं अडवली, शेवटी श्वाइनश्टायगरचा फटका खांबावर आणि करंडक चेल्सीकडे. त्या रात्री घरी पोहोचायला किती वेळ लागला ते आमच्या हिला विचारा. तेव्हा नवीन आलेल्यांनी ‘एवढं काय त्यात’ म्हणू नये.

प्रेषक: गार्शिंगची मुलं

अण्णा, या वेळी बायर्न नाही. उपांत्यपूर्व फेरीतच इंटरनं त्यांना काढलं. पण गर्दी होणारच, दोन्ही संघांचे लोक बाहेरून येणार आहेत.

आमचं म्हणणं असं की गर्दी कुठल्या वेळी कुठल्या दिशेला असेल ते आधी बघू. सामन्याआधी सगळे शहरातून उत्तरेला जाणार. म्हणजे साडेसहाच्या प्रयोगाला मारिएनप्लाट्झ, सेंडलिंगकडून येणाऱ्यांना गच्च भरलेली गाडी मिळणार, सोबत लहान मुलं आणि पैठण्या. आम्ही स्टेडियमच्या पलीकडच्या गार्शिंगहून उलट दिशेनं येतो, आम्हाला बसायला जागा मिळेल. सामना संपल्यावर हेच उलटं होतं: लोंढा फ्रॉटमानिंगहून शहराकडे आणि आमच्याकडची गाडी रिकामी.

म्हणून प्रयोग ४ ला सुरू करा. शहराकडचे लोक दुपारी तीनच्या आत येतील आणि सातला निघतील, दोन्ही वेळी सुटतील. आम्हाला मात्र सात-साडेसातला परत जाताना स्टेडियमच्या गर्दीतूनच जावं लागेल. त्यापेक्षा आम्ही हॉलमध्येच सामना बघून निघतो. प्रोजेक्टर आहे, पडदा आहे, सामना झेडडीएफ वाहिनीवर फुकट दिसतो.

प्रेषक: कोल्हापूरकर

पोरांनो, जमलं! आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की अख्ख्या पेठा मैदानात असतात. आणि इथं युरोपचा अंतिम सामना सात स्टेशनांवर असताना आपण खुर्च्या आवरून घरी जायचं? मी थांबणार. इंटर-बार्सिलोना उपांत्य सामना बघितला का कुणी? पहिली लढत ३-३, दुसरी ४-३. इंटरचा अचेर्बी हा बचावपटू, त्यानं ९३व्या मिनिटाला बरोबरी केली आणि जादा वेळेत फ्रात्तेसीनं संपवलं. अशी टीम हरत नसते.

प्रेषक: ध्वनी-प्रकाश

प्रोजेक्टर मंडळाचा असला तरी सांभाळतो मी, त्यामुळे मला विचारून ठरवा. दुसऱ्या अंकाचं नेपथ्य भिंतीला लागून उभं आहे, पडदा त्याच्यापुढे टांगता येत नाही. सेट उतरवायला दोन तास लागतात. प्रयोग सातला संपला तर ९ ला पडदा लागेल, पण उतरवायला माणसं हवीत. दरवेळी चहा झाला की सगळे गायब होतात.

शिवाय हॉल ११ ला रिकामा करायचा आहे. ९ चा सामना सरळ संपला तर १०.५० होतात. जादा वेळ झाला तर साडेअकरा, पेनल्टी झाल्या तर पावणेबारा. मध्येच बंद करणार का?

प्रेषक: कोल्हापूरकर

म्युनिकमध्ये याआधी चार अंतिम सामने झाले. १९७९ ला नॉटिंगहॅम फॉरेस्टनं माल्मोला १-०, १९९३ ला मार्सेनं मिलानला १-०, १९९७ ला डॉर्टमुंडनं युव्हेंटसला ३-१. तिन्ही नव्वद मिनिटांत. एकदाच पेनल्टीवर गेलं, २०१२ ला.

प्रेषक: अण्णा

ते एकदाच मी बघितलं आहे. हॉलचे नियम मोडायचे नाहीत. गणपतीला हाच हॉल लागतो आणि अर्जावर सही माझी असते.

प्रेषक: नाशिककर वहिनी

सामन्याचं तुमचं चालू द्या. प्रयोग ४ ला असेल तर मध्यंतर साडेपाचला, तेव्हा बटाटेवडे कोण खाणार? मी वडे संध्याकाळच्या हिशेबानं धरले होते. मध्यंतराला चहा आणि चिवडा देते, वडे प्रयोगानंतर. थांबणाऱ्यांची संख्या बुधवारपर्यंत कळवा. बटाटे उकडून आणणारे दोघं हवेत. मागच्या वेळी उकडून आणलेले गार आणि कच्चे होते.

प्रेषक: गार्शिंगची मुलं

बटाटे आम्ही उकडतो. नीट उकडतो. सेटलाही आम्ही.

प्रेषक: नाट्यविभाग. गुरुवार, १५ मे

हॉल सांभाळणाऱ्या हाउसमाइस्टरशी बोलणं झालं. एक तास वाढवून १२ पर्यंत मिळेल, वेगळं भाडं पडेल. ते थांबणाऱ्यांनी वाटून घ्यायचं, मंडळाच्या खात्यातून नाही. १० नंतर खिडक्या बंद. तिसरी घंटा ४ ला. अण्णांची संमती आहे.

प्रेषक: नाट्यविभाग. रविवार, १ जून

प्रयोग वेळेत झाला, हॉल भरला होता. सेट उतरवणाऱ्यांचे मनापासून आभार. चाव्या आज परत केल्या.

प्रेषक: गार्शिंगची मुलं

पॅरिस पाच-शून्य! हकिमी १२व्या मिनिटाला, आपल्याच जुन्या क्लबविरुद्ध. मग दुए २० आणि ६३, क्वारात्स्खेलिया ७३, मायुलू ८६. दुए आणि मायुलू दोघंही १९ वर्षांचे. युरोपच्या अंतिम सामन्यात एवढ्या फरकानं याआधी कुणी जिंकलेलं नाही. आणि काका, तुमच्या यादीत बघा: फॉरेस्ट, मार्से, डॉर्टमुंड, चेल्सी, सगळे म्युनिकमध्येच पहिल्यांदा जिंकले. आता पॅरिसही. गाडी रिकामी मिळाली.

प्रेषक: कोल्हापूरकर

इंटर थकलेली होती. मधली फळी पळतच नव्हती, पॅरिसनं त्यांना चेंडू लागूच दिला नाही. पण एवढं शिस्तीत दाबणारी टीम मी पूर्वी पाहिलेली नाही, हे मानलं.

प्रेषक: नाशिककर वहिनी

मला खेळातलं कळत नाही, पण पॅरिसच्या लोकांनी शेवटी उलगडलेला तो मोठा फलक पाहून मी रडले. प्रशिक्षक लुइस एन्रिके यांची लेक झाना २०१९ मध्ये नऊ वर्षांची असताना हाडांच्या कर्करोगानं गेली. फलकावर ती आणि तिचे बाबा होते. बटाटे चांगले उकडले होते, मुलांनो.

प्रेषक: अण्णा

१०.५० ला संपलं, वाढीव तास लागला नाही. पण भाडं दिलेलं आहे, ते परत मागू नका. ज्यांचा वाटा राहिला आहे त्यांनी या आठवड्यात द्या. प्रोजेक्टरचा रिमोट कुणाकडे आहे?

प्रेषक: ध्वनी-प्रकाश

माझ्याकडे.