ऐन पावसात अंड्यांसाठी २५ पिल्लं: कुठून घ्यावीत, ऊब कशी द्यावी?

बार्देशकर:
परसात सोडून पाळायला एक दिवसाची २५ पिल्लं हवी आहेत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बघू की जुन्या गोव्याच्या आयसीएआर (सरकारी कृषी संशोधन) केंद्रात चौकशी करू? पाऊस चालू आहे, वीज सारखी जाते. जागा किती लागेल? घरात एलईडी बल्ब आहेत, ते चालतील का?

तलंग:
केंद्रात आधी फोन करा, पिल्लं उबवणीच्या बॅचप्रमाणेच मिळतात. अंड्यांसाठी ग्रामप्रिया जात मागा; वनराजा अंगाने भरते, पण अंडी कमी. मरेक्स या विषाणूजन्य रोगाची लस टोचली आहे का, हे विचाराच. ती पहिल्याच दिवशी द्यायची असते, मागाहून देऊन उपयोग नाही. नर-मादी निवडलेली नसतील तर निम्मे कोंबडे निघतील हे धरून चला.

बाजारात मोठ्या कोंबड्यांशेजारी टोपलीत ठेवलेली पिल्लं नकोत, मानमोडी (राणीखेत रोग) अशीच घरी येते. रंगवलेली स्वस्त पिल्लं बहुधा लेअरचे (अंड्यांच्या जातीचे) नर असतात. कुठूनही घ्या, पिल्लू उलटं करून बेंबी बघा: सुकून मिटलेली हवी. ओली किंवा सुजलेली असेल तर ते पिल्लू सहसा आठवडा काढत नाही.

खुराडं:
एलईडी नको, त्यात ऊब नसते. पिल्लामागे २ वॅट धरा, म्हणजे किमान ५० वॅट; तारेचे जुने ४० वॅटचे दोन बल्ब लावा. एकच मोठा लावलात आणि रात्री उडाला, तर सकाळी ढीगच सापडेल. पुठ्ठ्याचं दीड फूट उंच, चार फूट व्यासाचं गोल कडं करा. चौकोनी खोक्यात पिल्लं कोपऱ्यात चेंगरून मरतात. खाली दोन इंच भाताचं तूस. पहिला आठवडा ३५ अंश, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात: बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट म्हणजे थंडी, चोच उघडून कडेला पळाली म्हणजे उकाडा, सगळी एकाच बाजूला म्हणजे वारा लागतोय.

आणल्याबरोबर लिटरभर पाण्यात ८० ग्रॅम गूळ घालून पाजा, प्रत्येकाची चोच एकदा बुडवा. दोन-तीन तासांनी मक्याचा भरडा, दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर (पिल्लांचं तयार खाद्य). वीज गेली तर पिल्लं पुठ्ठ्याच्या खोक्यात एकत्र ठेवा, फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या कडेला. बंद खोलीत निखारे ठेवू नका, धुराने गुदमरतात.

बार्देशकर:
लस घरी देता येईल? आणि खुडूक कोंबडी आहे एक, तिच्याखाली सोडली तर?

तलंग:
खुडूक असेल तर सोनंच! रात्री अंधारात दहा-बारा पिल्लं पोटाखाली सरकवा, सकाळी ती आपली मानते. मात्र दोन दिवसांपेक्षा मोठी झालेली नकोत.

लासोटा, म्हणजे मानमोडीची लस, पाचव्या ते सातव्या दिवशी, डोळ्यात एक थेंब. गंबोरो रोगाची लस चौदाव्या दिवसाच्या आसपास. कुपी बर्फात आणा, कालवल्यावर दोन तासांत संपवा. कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते, तेव्हा शेजारपाजारच्या पिल्लांनाही त्याच दिवशी द्या.

खुराडं:
पावसात खरी भीती रक्ती हगवणीची, ती ओल्या तुसात फोफावते. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा, भोवतालचं चिकटलेलं तूस रोज काढा, बाकीचं हलवत राहा. विष्ठेत रक्त दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जा; औषध पाण्यातून सगळ्यांनाच द्यावं लागतं, नुसत्या आजारी पिल्लाला देऊन भागत नाही.