मदत हवी आहे: ब्रेक पेडल कधी दगड, कधी नुसता पाय टेकवला तरी गाडी जागेवर (नवी मुंबई)

नमस्कार मंडळी,

गाडी सेकंडहँड घेतलेली आहे. दोन दरवाजे, दोन लिटर टर्बो पेट्रोल, ड्युअल क्लच ऑटोमॅटिक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की धागा 'ही कंपनी घ्यावी का नाही' याच्यावर घसरतो आणि ब्रेक बाजूलाच राहतात.

त्रास असा आहे. सकाळी नेरूळला सोसायटीच्या पोडियम पार्किंगमधून गाडी काढतो. स्टार्टर मारला, रिव्हर्स घेतला, रॅम्पच्या तोंडाशी ब्रेक दाबला की पेडल दगड. खाली जातच नाही. सीटला पाठ रेटून जोर लावला की गाडी थांबते. थोडा वेळ इंजिन चाललं की सगळं नीट. मग पाम बीच रोडला लागलो, अॅक्सिलरेटर सोडून गाडी सिग्नलकडे आली आणि नेहमीसारखा पाय ठेवला, तर गाडी नाकच खुपसते. परवा मागचा बाईकवाला डिकीवर यायचा राहिला. काच ठोठावून काय म्हणाला ते इथे लिहिता येणार नाही.

अजून एक. मोकळ्या रस्त्यावर जोरात पिकअप घेतला आणि लगेच ब्रेक मारला, तर पहिला दाब जड लागतो, दुसरा बरा. बायकोच्या हातातही गाडी असंच करते, त्यामुळे 'तुमचा पायच जड' हे निदान कृपया नको.

आतापर्यंत झालेले उपाय: एका गॅरेजवाल्याने पॅड ग्लेझ झालेत म्हणून पुढचे पॅड बदलले, डिस्कला फेसिंग मारलं. फरक नाही. दुसऱ्याने ब्रेक ऑइल बदलून ब्लीडिंग केलं, तरी तेच. सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावला, एबीएसमध्ये एकही कोड नाही, तरी बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्युमवर पायाचा जोर वाढवणारा डबा) आणि मास्टर सिलिंडर (ब्रेक ऑइलला दाब देणारा) दोन्ही बदला असं एस्टिमेट हातात दिलं. कशावरून विचारलं तर 'सर, सेफ्टीचा विषय आहे'. आकडा बघून चहा न पिताच निघालो.

जड पेडल आणि अति चावरा ब्रेक, ही दोन्ही एकाच दोषाची लक्षणं असू शकतात का? आणि बूस्टर खरंच गेलाय हे न उघडता कसं कळेल? गणपतीला घाट उतरायचा आहे, त्याआधी छडा लागला तर बरं.

स्पॅनर१३:
आधी एक गोष्ट पक्की करा. पेडल जड असेल तर व्हॅक्युमच्या बाजूला शोधा. पेडल स्पंजी असेल, खाली बसत असेल, तर हायड्रॉलिकच्या, म्हणजे ब्रेक ऑइलच्या बाजूला. ब्लीडिंगने लाईनमधली हवा निघते, आणि हवेमुळे पेडल मऊ होतं, दगड कधीच होत नाही. म्हणजे तुमचं ब्लीडिंग चुकीच्या आजाराचं औषध होतं. ऑइल बदललंत ते वाया गेलं नाही, डॉट ४ ग्रेडचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. नवीन असताना त्याचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश, ओलावा शिरला की १५५ पर्यंत येऊ शकतो. घाटात तो फरक कळतो. पण तुमच्या तक्रारीशी त्याचा संबंध नाही.

आता फुकटातल्या तपासण्या. सपाट जागी, चाकाला दगड लावून, गाडी पार्कमध्ये ठेवून करा. रस्त्यावर नको.

एक, इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा. ते कडक होईल, व्हायलाच पाहिजे. मग पाय दाबून ठेवूनच स्टार्ट करा. पेडल पायाखाली थोडं खाली सरकलं तर बूस्टरला व्हॅक्युम मिळतोय आणि तो काम करतोय. हललंच नाही तर बूस्टरची व्हॅक्युमची नळी, व्हॅक्युम पंप किंवा बूस्टर.

दोन, इंजिन गरम करून बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग पेडल दाबा. पहिले एक-दोन दाब मऊ यायला हवेत, कारण बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्युम तेवढ्याला पुरतो. पहिलाच दाब कडक लागला तर साठा गळतोय.

तीन, इंजिन चालू असताना पेडल दाबून धरा, तसंच धरून इंजिन बंद करा, अर्धा मिनिट थांबा. पेडलने पाय वर ढकलला तर गळती आहे. काच बंद करून, एसी बंद करून पेडलजवळ कान द्या. दाबल्यावर सतत 'सस्स' येत असेल आणि आयडलिंग हलत असेल, तर बूस्टरचा डायफ्राम किंवा आतला व्हॉल्व्ह. तेव्हाच बूस्टरचं नाव घ्यायचं.

खाडीकाठी:
दादा, विकून टाका आणि रिक्षाने फिरा. पार्किंगचा रॅम्पही वाचेल.

बूस्टप्रेशर:
स्पॅनर यांच्या म्हणण्यात थोडी भर. धाग्यातली सगळ्यात कामाची ओळ 'पिकअप घेऊन लगेच ब्रेक मारला तर पहिला दाब जड' ही आहे आणि तीच शेवटी लिहिलीत.

टर्बो गाडीत अॅक्सिलरेटर दाबलेला असताना मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, बूस्टरचा व्हॅक्युम इथूनच येतो) व्हॅक्युम नसतो, उलट दाब असतो. तो बूस्टरमध्ये शिरू नये म्हणून नळीत एकमार्गी व्हॉल्व्ह, चेक व्हॉल्व्ह, बसवलेला असतो. तो नीट मिटत नसेल तर प्रत्येक पिकअपला बूस्टरमधला व्हॅक्युम पळतो, आणि लगेच ब्रेक मारलात की नुसत्या पायाच्या ताकदीवर गाडी थांबवावी लागते.

सकाळचंही तेच. रात्रभरात साठा संपलेला. वर थंड स्टार्टला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्पार्क उशिरा देतो आणि थ्रॉटल जास्त उघडा ठेवतो, त्यामुळे मॅनिफोल्डचा व्हॅक्युम नेमका तेव्हाच कमी. म्हणून बऱ्याच ऑटोमॅटिक पेट्रोल गाड्यांत वेगळा इलेक्ट्रिक व्हॅक्युम पंप देतात. तुमच्यात असेल तर त्याचा फ्यूज आणि रिले आधी बघा. सकाळी स्टार्ट करून ब्रेक दोनदा दाबल्यावर बॉनेटखाली घरघर ऐकू येते का?

आणि नाक खुपसण्याचं. अॅक्सिलरेटरवरून पाय उचलून गाडी गिअरमध्ये येते तेव्हा थ्रॉटल बंद असतो, म्हणजे मॅनिफोल्डचा व्हॅक्युम सगळ्यात जास्त. त्या क्षणी बूस्टर पूर्ण जोरात. तुमच्या पायाला सकाळपासून जड पेडलची सवय झालेली, तो तेवढाच जोर लावतो. तेव्हा एकाच दोषाची दोन टोकं असू शकतात, हो.

तुर्भेनाका:
पॅड नवीन म्हणताय, बेडिंग केलं का? नवे पॅड मध्यम वेगावरून हळूहळू थांबवत डिस्कवर बसवावे लागतात, नाहीतर ते कधी घसरतात, कधी चावतात. शिवाय आपल्याकडे पावसाळ्यात, त्यात खाडीची हवा, गाडी दोन दिवस उभी राहिली की डिस्कवर तांबूस थर येतो. पहिले काही ब्रेक करकरून चावतात, मग साफ. तो दोष धरू नका.

अजून एक बघा. ट्रॅफिकमधून आल्यावर न्यूट्रलला गाडी हाताने ढकलली तर सहज जाते का? चाकं धरून ठेवत असतील, रिमजवळ वास येत असेल, तर कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना अडकल्यात, किंवा बूस्टरचा पुशरॉड (मास्टर सिलिंडरला ढकलणारी दांडी) लांब बसवलाय आणि मास्टर सिलिंडर पूर्ण मागे येत नाहीये. तसं असेल तर वरचं सगळं सोडा आणि आधी तेच करा, कारण तापलेलं ऑइल घाटात दगा देतं.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. रविवारी सोसायटीच्या सपाट पार्किंगमध्ये तपासण्या केल्या. वॉचमनकाका शेजारी उभे राहून 'साहेब, गाडी चालू करून बंद का करताय' विचारत होते.

पहिल्या तपासणीत पेडल खाली सरकलं. तिसऱ्यात पाय वर आला नाही, सस्स आवाजही नाही. दुसरीत मात्र पहिलाच दाब कडक. पंपाची घरघर सकाळी येते. गाडी हाताने सहज ढकलली जाते.

स्पॅनर१३:
मग बूस्टरला हात लावू नका. अर्धा मिनिट धरतोय, सस्सही नाही, पण पाच-दहा मिनिटांत साठा जातोय, म्हणजे बहुतेक नळी किंवा चेक व्हॉल्व्ह. बूस्टरकडचं टोक सांभाळून काढा, तिथला रबर ग्रोमेट (भोकातली रबरी रिंग) आत पडला तर नवीनच काम निघेल. व्हॉल्व्ह हातात घेऊन तोंडाने फुंका. बूस्टरच्या बाजूने फुंकलं तर हवा इंजिनकडे जायला हवी, उलट बाजूने अजिबात नाही. नळीवर उंदराचे दात आहेत का तेही बघा, आपल्या भागात पावसाळ्यात हा पाहुणा बॉनेटखाली असतोच.

तसंच तुर्भे एमआयडीसीत कुणाकडे व्हॅक्युम गेज असेल तर गरम इंजिनच्या आयडलला लावून घ्या. साधारण १७ ते २२ इंच पारा दिसायला हवा. त्याच्या बराच खाली असेल तर व्हॉल्व्ह बदलूनही काम अर्धंच होईल.

धागाकर्ता:
गेजवर १९ आला. उंदीर निर्दोष. व्हॉल्व्ह दोन्ही बाजूंनी फुंकला जातोय. आत इंजिन ऑइलचा चिकट थर आणि रबराची पाकळी एका कडेला वळून वर उचललेली, नखाने दाबली तरी परत उठते. फोटो टाकतो. नवीन व्हॉल्व्ह नळीसकटच मिळतोय, ऑर्डर दिली आहे. किंमत सर्व्हिस सेंटरच्या एस्टिमेटमधल्या नुसत्या लेबरपेक्षा कमी.

एक राहिलंच. व्हॉल्व्हमध्ये ऑइल आलं कुठून? पीसीव्ही (इंजिनातली ऑइलची वाफ परत मॅनिफोल्डमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह) बघायला हवा का, की या वयाच्या टर्बो गाडीत एवढं चालतं?

बूस्टप्रेशर:
थोडी ओल चालते, थर नाही. पीसीव्हीचा डायफ्राम बघाच. इंजिन चालू असताना ऑइल फिलरचं झाकण उचलायला फार जोर लागला, किंवा शिट्टीसारखा आवाज आला, तर तो फाटलाय. नवीन व्हॉल्व्ह बसवण्याआधी हे करा, नाहीतर त्याचीही पाकळी अशीच वळेल. नवीन आल्यावर दुसरी तपासणी परत करा, आणि घाटाआधी काही दिवस गाडी सावकाश चालवा. पायाची सवय जायला वेळ लागतो.